उतार कुणीकडं

सायखेड्याच्या बाजारात लंकाबाईची जागा ठरलेली होती, भांडेवाल्याच्या पालाला लागून. समोर गोणपाट, त्यावर मेथीच्या, घेवड्याच्या, दोडक्याच्या बियांच्या पुरचुंड्या, आणि मधोमध पितळी ताटात कांद्याचं काळंभोर बी. घरच्या कांद्याचं, घरी धरलेलं. माणसं दोन-दोन गावं ओलांडून त्या बियासाठी यायची.

त्या दिवशी चांदवडकडची एक बाई आली आणि खाली न बसता उभीच राहिली. बी घ्यायला आलेलं माणूस आधी उकिडवं बसतं, बी चिमटीत धरून बघतं. उभं राहिलेलं माणूस भांडायला आलेलं असतं. लंकाबाईनं मान वर केली.

"वळखलं का?" बाईनं विचारलं.

"व्हय की. मागं बी नेलं तुम्ही."

"नेलं ना. वाफ्यात टाकलं. असं उगवलंय, जसं खरजुल्या कुत्र्याचं अंग. चार काड्या इकडं, चार तिकडं. सासू म्हनती, बी आणलं का चुलीतली राख आणली?" बाईनं पदराची गाठ सोडली आणि उरलेलं बी गोणपाटावर ओतलं. "घ्या. तुमचं तुम्हीच पेरा."

भांडेवाल्याची ठोकाठोक थांबली. शेजारच्या मिरचीवालीनं मान वळवली. लंकाबाईचे कान तापले.  तिनं त्यातलं एक बी उचललं, दाढेखाली धरलं आणि हलकेच चावलं. चांगलं बी कट्‌कन फुटतं. हे मऊ लागलं, आणि त्याला ओल्या पोत्याचा वास होता.

"खरं हाय तुमचं," ती म्हणाली. "बी मेलंय."

बाई भांडायच्या तयारीनं आली होती, ती आता खाली उकिडवी बसली. "मंग आता?"

"आता काय. ताटातलं बी त्याच डब्यातलं हाय. तेबी देता येत नाय." लंकाबाईनं ताट पिशवीत उलटं केलं आणि भरल्या बाजारातून उठली.

वाटभर तिच्या डोक्यात एकच होतं. बी मेलं कसं? डबा झाकणाचा, झाकण घट्ट, वर छप्पर. पाऊस आत गेला कुठून?

लंकाबाईला पहिल्यापासून चौकशा फार. गिरणीत दळण टाकलं तरी पट्टा उलटा का घातलाय ते विचारल्याशिवाय ती घरी यायची नाही. गोटीराम, तिचा नवरा, म्हणायचा, "हिला मसणात नेली तरी लाकडं कोणत्या झाडाची ते विचारील." म्हणायचा हसून, पण चारचौघांत तिचं विचारणं सुरू झालं की तो दुसरीकडं बघायचा.

घरामागच्या परसात भिंतीला टेकवलेलं जुनं छप्पर होतं. त्यात बियांचे डबे, कुदळी, पहार, खुरपी, फवारणीचा पंप, औषधाच्या बाटल्या, आणि खाली कोंबड्या. परतीचे पाऊस संपेपर्यंत लंकाबाई प्रत्येक सरीनंतर त्यात जाऊन बसायची. वर बघायची, भिंत चाचपायची, जमिनीला तळहात लावायची. शेवटी तिला उमजलं. पाणी वरून येत नव्हतं. काळी जमीन खालून ओल ओढत होती, आणि उन्हं तापली की पत्र्याचा डबा आतून घामेजत होता. झाकणाच्या आतल्या बाजूला दवासारखे थेंब. बी त्या थेंबांनी मेलं.

"कळलं मला," तिनं जेवताना सांगितलं. "बियाला न्‌ हत्यारांला निराळं घर पाहिजे. जमिनीपासून वर. वारं खेळणारं."

"त्यात काय कळायचंय?" गोटीराम म्हणाला. "उन्हाळ्यात चार मेढी रोवू, वर पत्रे टाकू. झालं शेड."

"पत्रेच कशाला?"

"मंग काय ताजमहाल बांधती?"

"बघितल्याबिगर कसं सांगू?"

मुलगा मनोज सातपूरला कंपनीत होता, तिकडंच खोली करून राहत होता. घरात दोघंच. गोटीरामला वाटलं, बघू म्हणते म्हणजे विसरेल. पण कांद्याचे डेंगळे, म्हणजे बियांचे दांडे, काढून झाले, त्यांचे गोंडे चादरीवर वाळत पडले, ऊन चढायला लागलं, आणि लंकाबाई शेडं बघायला निघाली.

ती नुसती बघत नसे. बसत असे. द्राक्षवाल्या बागायतदाराच्या पत्र्याच्या शेडात ती भर दुपारी जाऊन बसली. पाठीवर घामाचा ओघळ उतरला, टाळूला चटके बसले. बागायतदाराची सून म्हणाली, "मावशी, बाहेर सावलीत या ना." लंकाबाई म्हणाली, "थांब गं, अजून थोडं तापू दे." नदीकाठच्या मळ्यात उसाच्या पाचटाचं छप्पर होतं, तिथं इतकं गार वाटलं की तिला झापड आली. पण वर सरसर झाली, पाहिलं तर पाचटात उंदरांची वेटोळी. माहेरच्या लग्नाला नांदगावला गेली तर वरात सोडून तिथल्या पोल्ट्रीच्या सिमेंट पत्र्याखाली कोंबड्यांत उभी राहिली. सगळ्यांत कहर बाजारपेठेतल्या पत्र्याच्या दुकानात झाला. तिनं दुकानदाराला सांगितलं, एक पत्रा उन्हात दोन खुर्च्यांवर आडवा टाका, मला खाली बसून बघायचंय.

दुकानदार हसला. दुकानातली पोरं हसली. "आजीबाई, पत्रा पत्र्यासारखाच तापतो."

"रंग दिलेला न्‌ बिनरंगाचा सारखाच तापतो का?"

दुकानदारानं दुसऱ्या गिऱ्हाइकाला हाक मारली. गोटीराम पायरीवर उभा होता, तो चपला घालून सरळ रस्त्याला लागला. संध्याकाळी पारावर कोणीतरी म्हणालंच, "गोटीराम, बायको लोकांच्या शेडात ऊन मोजती म्हनं."

घरी येऊन त्यानं टोपी आपटली. "लाज आणली तू. शेड बांधायचंय का माझी वरात काढायचीय?"

"कौलं," लंकाबाई म्हणाली.

"काय?"

"मंगलोरी कौलं. शाळेला स्लॅब पडला, जुनी कौलं वर्गामागं रचून ठेवलीत. मी त्या जुन्या वर्गात बसले व्हते मागं, मनोजच्या टायमाला. भर उन्हाळ्यात, सगळी पोरं भरलेली, तरी डोकं शांत. कौलातून वारं निघून जातं. खाली दगडाचा चौथरा, भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या, वरून शेणमातीचं लिंपण. डबे नकोच, मडकी. मडकं घामेजत नाय."

गोटीरामनं नेहमीसारखं दुसरीकडं पाहिलं. पण दुसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपून शाळेत तोच गेला, आणि कौलं गवतात बसवून हळूहळू घरी आणली. त्यातली दोनच फुटली.

आता जागा. परस लांबट होतं, आणि एका अंगाला विहिरीची वाट, दुसऱ्या अंगाला गुरं. मोकळी जागा उरत होती ती एकच, पूर्वेच्या कुंपणाला लागून. त्या कुंपणापलीकडं झुंबर राहत होता, गोटीरामचा सख्खा थोरला भाऊ.

वाटण्या झाल्या तेव्हा या परसाच्या मधोमध दोरी धरली गेली होती. दोरी हातभर इकडं का हातभर तिकडं, यावरून भाऊ भाऊ बोलायचे थांबले. आधी बाभळीच्या काट्या पडल्या, मग झुंबरनं आतून पुरुषभर उंच तुराट्यांचा आडोसा केला. नवरे थांबले म्हणून जावाही थांबल्या. अंबूबाई, थोरली जाऊ, लंकाबाईला धुण्याला सोबत असायची, पाटावर शेवया वळायला सोबत असायची. मग तुराट्यांमागून नुसता तिचा आवाज यायला लागला, आणि गेल्या हिवाळ्यापासून तोही बंद. तिच्या अंगावरून वारं गेलं होतं, उजवी बाजू लुळी पडली होती. लंकाबाई तेव्हा दारापर्यंत गेली होती. झुंबर ओट्यावर बसला होता. त्यानं "ये" म्हटलं नाही, "जा"ही म्हटलं नाही. ती पदर सारखा करून उंबऱ्यावरून परत फिरली होती. त्यानंतर गेली नव्हती.

पुंजा सुतार ठरला. चौथरा झाल्यावर त्याच्या कडेनं मेढींसाठी खड्डे खणायला घेतले. काळी जमीन उन्हानं भेगाळलेली, वर पहार मारली की ठणका कोपरापर्यंत यायचा, आणि हातभर खाली गेलं की चिकट. पुंजा आणि गोटीराम आळीपाळीनं पहार मारायचे, लंकाबाई उकरलेली माती पाटीनं वाहायची. तिच्या तळहाताला फोड आले, फुटले, तिनं फडकी गुंडाळली. बाभळीच्या मेढी उभ्या राहिल्या. घराकडच्या अंगाला उंच, कुंपणाकडं आखूड. म्हणजे कौलांचा उतार झुंबरच्या परसाकडं.

"दार आपल्या अंगाला हाय," गोटीरामनं सांगितलं. "पाणी दारात पडलं तर चिखल. तिकडं पडू दे."

मेढींभोवती दगड-मुरूम ठासून झाला त्या संध्याकाळी तुराट्यांच्या फटीत झुंबर दिसला. तो भावाकडं बघत नव्हता.

"पुंजा," तो म्हणाला, "त्याला सांग, पागोळ्या इकडं पाडायच्या नाय."

पुंजाच्या तोंडात खिळे होते. त्यानं ते काढले आणि दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या गोटीरामकडं पाहिलं. "ते म्हणतात—"

"ऐकलं मी. त्याला सांग, शेड माझ्या हद्दीत हाय. वीतभर आतच हाय."

"पुंजा, मेढ वीतभर आत असंल. कौल हातभर बाहेर येतंय."

"त्याला सांग, आभाळाचं पाणी हाय. त्यालाबी हद्द घाल म्हणावं."

"सांग त्याला, एक थेंब पडू देणार नाय इकडं. उपटून फेकीन!" झुंबरचा आवाज शेवटी चिरकला. तुराट्या हलल्या आणि तो दिसेनासा झाला. पुंजानं खिळे परत तोंडात टाकले.

गोटीराम खूश होता. पण लंकाबाईला तो चिरका आवाज सोडेना. झुंबर हिशेबी माणूस, आरडाओरडा करणारा नाही. परसात पाणी पडलं तर माणूस भांडेल, पण रडवेला कशाला होईल? पलीकडं आहे तरी काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी पुंजा भाकरी खायला घरी गेला, गोटीराम कौलांखाली ठोकायच्या रिपा आणायला. वर वासे चढले होते, शिडी टेकवलेली होती. लंकाबाईनं इकडंतिकडं पाहिलं, ओचा खोचला आणि शिडी चढली. गुडघे कुरकुरले. तिसऱ्या पायरीला तिला वाटलं, या वयात पडलो तर लोक काय म्हणतील. तरी ती चढली आणि वाशाला धरून तुराट्यांवरून पलीकडं वाकली.

खाली, अगदी कुंपणाला चिकटून, चार काठ्यांवर जुनी ताडपत्री बांधली होती. एका अंगानं ती गुंडाळून वर केलेली. तिच्याखाली लोखंडी बाज. बाजेवर अंबूबाई उताणी पडून सरळ लंकाबाईच्या तोंडाकडं बघत होती.

लंकाबाईचा हात वाशावरून सुटता सुटता राहिला.

अंबूबाईचे केस कापले होते. कंबरेपर्यंत शेपटा असलेली बाई, आता पोरासारखं डोकं. तोंड एका अंगाला ओढलेलं. फक्त डोळे तेच. ती कितीतरी वेळ बघत राहिली, आणि मग ओठ हलले.

"काय… बांधती… गं?"

सात-आठ वर्षांनी पहिला शब्द, आणि तो हा.  "शेड हाय, बाई," ती म्हणाली.

"गोठा?"

"गोठा नाय."

"सं…डास?"

"नाय वो! बियाला. हत्यारांला."

अंबूबाईच्या घशातून घरघर आली. लंकाबाई घाबरली, मग लक्षात आलं, ती हसत होती. तेवढ्यात घरातून अंबूबाईची सून संजना हातात वाटी घेऊन बाहेर आली आणि वर लंकाबाईचं डोकं बघून जागच्या जागी उभी राहिली.

"काकी? पडाल ना!" मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "रोज विचारून जीव खाल्ला माझा. पहार वाजली की विचारायच्या, काय खणतात? करवत वाजली की, काय कापतात? मी म्हणलं, संडास बांधत असतील. ह्या म्हणल्या, गोठा. पैज लागलीय आमची."

"बाज इथं कुंपणाला का गं आणली?"

"घरात जीव घाबरतो त्यांचा. भिंतीकडंच तोंड करून रडायच्या. मामांनी हिवाळ्यातच इथं ताडपत्री बांधली. इथून कडुलिंबाचा शेंडा दिसतो, रस्त्यानं कोण गेलं ते ऐकू येतं. पावसातबी इथंच राहायचं म्हणतात."

अंबूबाईनं डावा हात उचलला. "वर… काय… टाकणार?"

"कौलं."

"का?"

"गार राहतं आत. मी पत्र्याखाली बसून पाह्यलं, पाचटाखाली बसून पाह्यलं. सगळं गाव हसलं मला."

अंबूबाईनं हात परत बाजेवर ठेवला. "मी… असते," ती म्हणाली, शब्द एकेक उचलून ठेवल्यासारखी, "तर… आले असते… तुझ्या संगं. बसाया."

लंकाबाईनं वाशावर कपाळ टेकलं. उन्हानं लाकूड तापलं होतं. तिची नजर खाली गेली तेव्हा तिला दिसलं की वाशांची टोकं नेमकी त्या ताडपत्रीवर रोखलेली आहेत. अख्ख्या कौलांचं पाणी, अख्खा पावसाळा, त्या बाजेवर. झुंबरनं भावाला हे सांगितलं नव्हतं. बायको आजारी आहे, तेवढं जपा, असं म्हणायला त्याची जीभ वळली नव्हती. उपटून फेकीन म्हणायला वळली.

ती खाली उतरली आणि मातीच्या ढिगावर बसून राहिली. गोटीरामला सांगावं तर तो म्हणेल, त्याला तोंड नाही का, येऊन सांगू दे. सात-आठ वर्षं तो भावानं येऊन बोलायचीच वाट बघत होता. झुंबर येणार नाही, हा वळणार नाही, आणि मृगाला फार दिवस उरले नव्हते.

दिवेलागणीला तो जेवायला बसला. तिनं भाकरी वाढली, ठेचा वाढला, समोर बसली.

"एक इचारू का?"

"तुला कोण अडवतंय?"

"एवढ्या कौलांवरून पाणी किती पडत असंल? एका सरीला पिंप भरंल का?"

"पिंप? चार भरतील."

"आणि अख्ख्या पावसाळ्याचं?"

"त्याचं काय मोजमाप." त्यानं भाकरी मोडली. "लय पाणी."

"सगळं त्यांच्या परसात जाणार."

"जाऊ दे की. होऊ दे चिखल."

"चिखल कशाचा? त्यांची लिंबूणी हाय ना तिथं कोपऱ्यात? मी शिडीवरून पाह्यली. उन्हानं मान टाकलीय बिचारीनं. एक पावसाळा आपलं पाणी पडलं की बघा कशी फुटंल. बाजारात लिंबं येतील पाटीपाटीनं." ती उठली, मीठ आणलं. "कौलं आपली, मेढी आपल्या, कंबर तुमची मोडली. लिंबं त्यांची. असंल, भाऊच हाय."

गोटीरामचा घास हातातच राहिला. तो भिंतीकडं बघत होता, पण त्याला लिंबूणी दिसत होती. लंकाबाईनं त्याच्या ताटात अजून अर्धी भाकरी वाढली.

सकाळी पुंजा आला तर गोटीराम आधीच वाशांच्या गाठी सोडत बसला होता.

"मेढी काढायच्या," त्यानं सांगितलं. "उंच तिकडं, आखूड इकडं. पाणी आपल्याकडं घ्यायचं. खाली पन्हाळ लावू, पिंपात सोडू."

"अण्णा, कालच तर ठासल्या!"

"मंग आज उपट. फुकटचं पाणी वाटत बसलोय का मी गावाला?"

रोवण्यापेक्षा उपटणं जड गेलं. ठासलेला मुरूम पहारीनं फोडून काढायचा, मेढीला दोर बांधून तिघांनी हिसके द्यायचे. लंकाबाईच्या फडक्यातून रक्त आलं. गोटीरामच्या पाठीत उसण भरली, तो वाकडा होऊन चालायला लागला, पण थांबला नाही. मेढ एकेक करून उखडली, फिरवली, परत ठासली. तुराट्यांच्या फटीतून झुंबर एकदा बघून गेला. त्याला वाटलं, आपण दम दिला म्हणून हे झालं. त्या दिवशी तो पारावर बराच वेळ बसला म्हणे. गोटीरामला वाटलं, आपण पाणी वाचवलं. दोघंही भाऊ आपापल्या घरी पोटभर जेवले.

रिपा ठोकल्या, कौलं चढली. लंकाबाई खालून एकेक कौल द्यायची, पुंजा वर बसवायचा, आणि प्रत्येक कौल बसताना खट्‌ असा आवाज व्हायचा. पलीकडून कधी घरघर ऐकू यायची, कधी संजनाचं बोलणं. मग भिंतींच्या तट्ट्या बांधल्या. कुंपणाकडची भिंत आता सगळ्यांत उंच झाली. लंकाबाईनं शेणमाती कालवली, हातानं लिंपली, वरून पांढरी माती फिरवली. आत खुंट्या ठोकल्या, कुदळी, पहार टांगली. पंप आणि औषधं खालच्या कोपऱ्यात, बियांची मडकी वरच्या फळीवर. सगळं झाल्यावर ती भर दुपारी आत जाऊन जमिनीवर बसली. डोकं शांत होतं. वारं कौलांतून बाहेर जाताना बारीक शीळ घालत होतं.

त्याच दुपारी, पुंजा दाराला कडी बसवत होता तेव्हा झुंबर आला. कुंपणाशी नाही, बोळातून, पुढच्या दारानं, परसात. चपला बाहेर काढल्या होत्या. लंकाबाईनं पदर डोक्यावरून ओढला.

"पुंजा," तो म्हणाला. त्याचं लक्ष कडीकडं होतं. "त्यांना सांग, तिला बघायचंय म्हणती. शेड. दोन दिवस झाले, जेवत नाय नीट."

"कुणाला?" गोटीराम म्हणाला. पुंजाकडं न बघता, सरळ. म्हणून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं.

"तुझ्या वहिनीला," झुंबर म्हणाला. तोही सरळ.

 मग गोटीरामनं दारातली पाटी आणि फावडं उचलून बाजूला ठेवलं, दाराची रुंदी डोळ्यांनी मोजली, आणि वाकड्या कमरेनं बोळाकडं चालायला लागला. लंकाबाई त्याच्यामागं गेली.

झुंबरच्या परसात पाय ठेवल्यावर तो थांबला. त्याला ताडपत्री दिसली, बाज दिसली, आणि त्यांच्यावर थेट उभी असलेली आपल्या शेडाची पांढरी भिंत दिसली. तो वर बघत होता, जिथं आता पागोळ्या पडणार नव्हत्या. मग त्यानं कोपऱ्यातली लिंबूणी पाहिली. ताडपत्रीपासून ती बरीच लांब होती, आणि हिरवीगार होती. त्यानं मान वळवून लंकाबाईकडं पाहिलं. ती अंबूबाईचं पांघरूण सारखं करत होती.

डोक्याकडं झुंबरनं धरलं, पायाकडं गोटीरामनं. संजना आणि लंकाबाई दोन अंगांनी. बोळातून बाज निघाली तशी ओट्यांवरची माणसं उठून उभी राहिली. कुणाला वाटलं, आटोपलं सगळं. अंबूबाईनं डावा हात वर केला आणि हलवला, तेव्हा माणसं परत खाली बसली.

शेडाच्या दारातून बाज तिरकी करून आत घेतली. अंबूबाईनं आधी छपराकडं पाहिलं, खूप वेळ. मग रिपा. मग खुंट्या. बोटानं एकेक गोष्ट दाखवून ती विचारत होती आणि लंकाबाई सांगत होती: ही मेथीची मडकी, हा घेवडा, हे कांद्याचं नवं बी. त्याचं मडकं लंकाबाईनं खाली उतरवून तिच्या नाकाशी धरलं. अंबूबाईनं चिमटीत बी घेतलं, धाकट्या जावेनं कधी काळी शिकवलं होतं तसं दाताखाली धरलं, आणि कट्‌ असा आवाज झाला.

मग तिनं मान फिरवून पूर्वेच्या भिंतीकडं पाहिलं. कोरी, उंच, पांढरी भिंत.

"माझ्या… अंगाला," ती म्हणाली, "खिडकी… नाय?"

लंकाबाईच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. किती शेडांत ती बसली होती, पण भिंतीच्या पलीकडून बसून तिनं पाहिलंच नव्हतं. कडुलिंबाचा शेंडा, रस्त्याचे आवाज, सगळं ह्या भिंतीनं अडवलं होतं. म्हणून दोन दिवस बाई जेवत नव्हती. ती काही म्हणणार तेवढ्यात गोटीराम पुढं झाला. त्यानं पुंजाच्या पेटीतली करवत उचलली.

"कुठं पाहिजे, वहिनी?"

अंबूबाईनं हात उचलला, पण आतून तिला सांगता येईना. तिची बाज तर बाहेर असायची.

"असं नाय कळायचं," गोटीराम म्हणाला. "दादा, तू पलीकडं जा. जिथं तिचं डोकं येतं तिथं भिंतीवर हात मार."

झुंबर गेला. बोळातून त्याची पावलं वाजली, मग पलीकडं ताडपत्री सरकल्याचा आणि तुराट्या बाजूला ओढल्याचा आवाज आला. भिंतीवर थाप पडली. लिंपणाचा एक पोपडा आत गळला. गोटीरामनं गुडघे टेकले आणि त्या जागेवर तळहात ठेवला.

"इथं?"

"नाय," पलीकडून झुंबर म्हणाला. "अजून जरा खाली घे."